चाली येतात, मग डाव का जातो?

प्रश्न असा आहे: बुद्धिबळातल्या सगळ्या मोहऱ्यांच्या चाली येतात, पण पंधरा-वीस खेळींत एखादा घोडा नाहीतर हत्ती फुकट जातो आणि तिथून डाव सावरत नाही. ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या ठरीव खेळ्या, पाठ करावीत का? सुरुवात नेमकी कुठून करावी?

ओपनिंगपासून नको. या टप्प्यावर बहुतेक डाव एकाच कारणाने जातात. कोणत्या मोहऱ्याला जोर आहे आणि कोणता बिनजोर उभा आहे, हे दर खेळीला पाहिलं जात नाही. म्हणून या उत्तरात जोराच्या हिशेबाला जास्त जागा दिली आहे. त्याआधी नियमांतल्या काही जागा, कारण चाली येतात म्हणणाऱ्यांचेही नियम इथे हमखास अर्धवट निघतात.

पट मांडताना प्रत्येकाच्या उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं हवं. पट नव्वद अंशांत फिरला असेल तर राजा आणि वजीर यांच्या जागा चुकतात आणि ते दहा खेळ्यांनंतर लक्षात येतं. वजीर आपल्या रंगाच्या घरात बसतो: पांढरा डी१ मध्ये, काळा डी८ मध्ये. घरांची नावं सोपी आहेत. पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्या ए ते एच, आणि पांढऱ्याच्या बाजूने आडव्या ओळी १ ते ८. ही नावं डोळे मिटून सांगता आली पाहिजेत. सी६ काळं की पांढरं हे न बघता सांगता यायला लागलं, की तिरक्या रेषेवरचे उंट नजरेतून सुटायचे कमी होतात. (सी६ पांढरं आहे.)

आता कॅसलिंग. राजा हत्तीच्या दिशेने दोन घरं सरकतो आणि हत्ती राजाला ओलांडून त्याच्या लगतच्या घरात येतो. अटी अशा: राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत, दोघांच्या मधली घरं मोकळी असावीत, राजाला त्या क्षणी शह नसावा, राजा ज्या घरावरून जातो आणि ज्या घरात पोचतो त्या दोन्हींवर शत्रूचा मारा नसावा. एवढंच. गोंधळ होतो तो या अटींच्या बाहेर. पूर्वी शह बसला होता पण राजा हलला नाही, मधे दुसरा मोहरा घातला, तर कॅसलिंगचा हक्क शाबूत आहे. हत्तीवर मारा असला तरी चालतं. वजिराच्या बाजूला कॅसलिंग करताना बी१ या घरावर मारा असला तरी चालतं, कारण तिथून राजा जात नाही, हत्ती जातो. स्पर्धेत राजाला आधी हात लावायचा आणि एकाच हाताने दोन्ही मोहरे हलवायचे. हत्तीला आधी स्पर्श केलात तर फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या) नियमाप्रमाणे त्या बाजूचं कॅसलिंग त्या खेळीला करता येत नाही, हत्तीच हलवावा लागतो.

आँ पासाँ हा नियम फसवणुकीसारखा वाटतो, पण साधा आहे. तुमचं प्यादं ई५ वर आहे आणि प्रतिस्पर्ध्याने डी७ वरून एकदम डी५ ला उडी मारली. ते प्यादं एकच घर पुढे आलं असतं तर डी६ वर तुम्ही मारलं असतंत, म्हणून आत्ताही तसंच मारता येतं: तुमचं प्यादं डी६ वर जातं आणि डी५ वरचं उचललं जातं. मात्र लगेचच्या खेळीलाच. एक खेळी सोडलीत तर हक्क गेला.

शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा करता येतो. आधीचा वजीर पटावर असला तरी दुसरा वजीर चालतो. घड्याळावरच्या डावात एक काळजी घ्यावी: दुसरा वजीर हाताशी नाही म्हणून हत्ती उलटा ठेवून त्याला वजीर म्हणायची सवय असते, पण फिडेच्या स्पर्धेत उलटा हत्ती हा हत्तीच धरतात. घड्याळ थांबवून पंचाकडून वजीर मागून घ्यावा.

बरोबरीचे प्रकारही एकदा नीट समजून घ्या, कारण जिंकलेले डाव इथे वाहून जातात. राजाला शह नाही पण ज्याची पाळी आहे त्याला एकही नियमाची खेळी उरलेली नाही, ही कोंडी, म्हणजे स्टेलमेट, आणि ती बरोबरी आहे, विजय नाही. तीच स्थिती, तीच पाळी आणि तेच (कॅसलिंगचे, आँ पासाँचे) हक्क घेऊन तिसऱ्यांदा आली तर बरोबरीचा दावा करता येतो. दोघांच्या प्रत्येकी ५० खेळ्यांत एकही प्यादं हललं नाही आणि काहीच मारलं गेलं नाही, तरीही दावा करता येतो. दावा तुम्हाला करावा लागतो, पंच आपणहून देत नाही. एकच स्थिती पाचव्यांदा आली किंवा अशा ७५ खेळ्या झाल्या, तर मात्र डाव आपोआप बरोबरीत सुटतो.

नियम इथे संपवू आणि हिशेबाकडे येऊ.

प्याद्याची किंमत १ धरली तर घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. राजाला किंमत नाही, तो गेला तर डावच गेला. हे आकडे पटावरच्या ताकदीवरून आले आहेत. रिकाम्या पटावर हत्ती कुठेही ठेवा, १४ घरांवर त्याची नजर असते. उंटाची काठावर ७ आणि मधोमध १३. घोडा मधल्या घरांत असेल तर ८ घरं बघतो, कोपऱ्यात फक्त २. काठावरचा घोडा वाईट असं जे म्हणतात ते याच आकड्यांमुळे: तोच घोडा, पण निम्मं किंवा त्याहूनही कमी काम.

आकडे आंधळेपणाने जुळवू नयेत. नवशिक्यांच्या डावात वारंवार दिसणारा सौदा पाहा. काळ्याने राजाच्या बाजूला कॅसलिंग केलंय, पांढऱ्याचा उंट सी४ वर आणि घोडा जी५ वर. पांढरा एफ७ वरचं प्यादं मारतो, काळा हत्तीने मारतो, पांढरा पुन्हा मारतो, राजा मारतो. उंट आणि घोडा गेले, म्हणजे ६. हत्ती आणि प्यादं मिळाले, तेही ६. कागदावर बरोबरी, पण डावाच्या मध्यात दोन हलके मोहरे मिळून एका हत्तीपेक्षा जास्त काम करतात, कारण हत्तीला मोकळ्या पट्ट्या हव्या असतात आणि त्या अजून उघडलेल्या नसतात. शिवाय पांढऱ्याचे दोन्ही कामाला लागलेले मोहरे गेले. हा सौदा टाळावा.

आता जोर. तुमच्या एखाद्या मोहऱ्याला कुणी मारलं तर मारणाऱ्याला तुम्ही परत मारू शकता, म्हणजे त्या मोहऱ्याला जोर आहे. परत मारणारा कुणीच नसेल तर तो बिनजोर. बिनजोर मोहरा लगेच जातोच असं नाही. तो पुढे दोन खेळ्यांनी जातो, जेव्हा एका खेळीत त्याच्यावर आणि दुसऱ्या कशावर एकदम मारा होतो. म्हणून स्वतःचे बिनजोर मोहरे मोजत राहणं ही पहिली सवय, आणि प्रतिस्पर्ध्याचे मोजणं ही दुसरी.

एका घरावर दोन्ही बाजूंचे मोहरे रोखलेले असतात तेव्हा काय करायचं? समजा काळ्याचं प्यादं ई५ वर आहे. त्याला डी६ च्या प्याद्याचा आणि सी६ च्या घोड्याचा जोर. पांढऱ्याचा एफ३ वरचा घोडा आणि ई१ वरचा हत्ती त्याच्यावर रोखलेले, मधली पट्टी मोकळी. मारणारे दोन, राखणारे दोन. मारावं का? घोड्याने मारलं, काळ्याने प्याद्याने घोडा मारला, हत्तीने ते प्यादं मारलं, काळ्याच्या घोड्याने हत्ती मारला. पांढऱ्याला दोन प्यादी मिळाली, म्हणजे २, आणि घोडा व हत्ती गेले, म्हणजे ८. साफ तोटा. साधा नियम असा की राखणाऱ्यांपेक्षा मारणारे किमान एकाने जास्त हवेत, आणि मारताना स्वस्त मोहरा आधी पुढे करायचा. राखणाऱ्यालाही तेच लागू. वरच्या उदाहरणात काळ्याने पहिल्यांदा घोड्याने मारलं असतं तर हत्तीने तो घोडा मारला असता आणि मग प्याद्याने हत्ती गेला असता: पांढऱ्याचा तोटा ६ ऐवजी ४ वर आला असता. प्यादं आधी, मोठे मोहरे मागे.

मोजताना तीन ठिकाणी चूक होते. पहिली, एकाच रेषेत मागे उभा असलेला मोहरा मोजायचा राहतो. ई२ वर हत्ती आणि त्याच्यामागे ई१ वर दुसरा हत्ती असेल तर दोघेही धरायचे, पुढचा गेला की मागचा बोलतो. दुसरी, जखडलेला मोहरा राखणारा म्हणून धरला जातो. सी६ चा घोडा हलला की मागच्या राजाला शह बसणार असेल, तर तो घोडा कशालाही जोर देत नाही, पटावर असूनही हिशेबातून बाद. तिसरी, एकाच मोहऱ्यावर दोन कामं. एकच वजीर हत्तीलाही जोर देतोय आणि जिथे मात बसू शकते ते घरही राखतोय, तर त्यातलं एक काम करताना दुसरं उघडं पडतं. असा राखणदार दिसला की त्याला एका कामाकडे ओढायचं.

डावपेचांची नावं बरीच आहेत, मूळ मात्र एकच: एका खेळीत दोन धमक्या. घोडा सी७ वर येऊन ई८ च्या राजाला शह देतो आणि त्याच वेळी ए८ चा हत्ती धरतो, हा फोर्क. उंट, हत्ती किंवा वजीर एका मोहऱ्यावर मारा करतो आणि मागे त्याहून मोलाचा उभा असल्याने पुढचा हलू शकत नाही, ही पिन. उलट, पुढे मोलाचा आणि मागे हलका असेल तर पुढच्याला हलावंच लागतं आणि मागचा जातो, हा स्क्यूअर. मधला मोहरा बाजूला झाल्याने मागच्याचा शह उघडतो, हा उघडा शह. यात हलणारा मोहरा जवळजवळ फुकटात काहीही मारू शकतो, कारण प्रतिस्पर्ध्याला आधी शह सोडवायचा असतो.

पिनमध्ये एक फरक कळलाच पाहिजे. मागे राजा असेल तर जखडलेला मोहरा नियमानेच हलू शकत नाही. मागे वजीर असेल तर तो हलू शकतो, फक्त वजीर जाईल. आणि वजीर देणं कधी परवडतं, याचं अठराव्या शतकातलं उदाहरण फ्रेंच खेळाडू लेगाल याच्या नावाने ओळखलं जातं. (प्रत्येक जोडीत आधी पांढऱ्याची खेळी, मग काळ्याची; नुसतं घर दिलं असेल तर चाल प्याद्याची.) ई४, ई५. घोडा एफ३, डी६. उंट सी४, उंट जी४, म्हणजे एफ३ चा घोडा वजिरासमोर जखडला. घोडा सी३, जी६. आता पांढरा जखडलेल्या घोड्यानेच ई५ चं प्यादं मारतो. काळ्याने हरखून डी१ चा वजीर मारला तर उंट एफ७ वर मारून शह, राजा ई७, घोडा डी५ आणि मात. काळ्याने वजीर न मारता डी६ च्या प्याद्याने घोडा मारला तर पांढऱ्याचा वजीर जी४ चा उंट मारतो, आणि एक प्यादं पांढऱ्याच्या पदरात.

हे पाठ करून लोक कुठेही लावायला जातात आणि तोंडघशी पडतात. चौथ्या खेळीला काळ्याने जी६ ऐवजी घोडा सी६ वर आणला असेल, तर घोड्याने ई५ मारल्यावर काळा आपल्या घोड्याने तो मारतो. तिथून तोच घोडा जी४ च्या उंटाला जोर देतो. आता पांढऱ्याने वजिराने उंट मारला तर वजीर जातो, नाही मारला तर एका प्याद्याच्या बदल्यात घोडा गेलेलाच आहे. दोन डावांत फरक एका घोड्याच्या जागेचा. सापळा दिसला तरी जोराचा हिशेब पुन्हा करावाच लागतो.

शेवटच्या ओळीतली मात वेगळी लक्षात ठेवा. राजा जी८ वर, त्याच्यासमोर एफ७, जी७, एच७ ही स्वतःचीच प्यादी, आणि विरोधी हत्ती ई८ वर उतरला की खेळ खलास. कॅसलिंगनंतर सवड मिळेल तेव्हा एच६ खेळून राजाला खिडकी ठेवावी. मात्र सवड मिळेल तेव्हाच, पाचव्या खेळीला नव्हे. आणि जी६ वा एफ६ पेक्षा एच६ बरं, कारण त्याने राजाभोवतीचं कवच कमी ढासळतं.

आता ओपनिंग, पण पाठांतर न करता. पहिल्या दहा खेळ्यांत तीन गोष्टी हव्यात: मधल्या चार घरांत (डी४, ई४, डी५, ई५) प्याद्याचा पाय, घोडे-उंट बाहेर, राजा कॅसलिंगने आत. एक मोहरा विनाकारण दोनदा हलवला की दुसरा एक घरीच बसतो. शिकण्यासाठी इटालियन नावाची ओपनिंग चांगली, तिच्यातली प्रत्येक खेळी समजावून सांगता येते. ई४, ई५: दोघांनी मध्य धरला, उंट आणि वजिराच्या रेषा उघडल्या. घोडा एफ३: मोहरा बाहेर आणि ई५ वर मारा, एका खेळीत दोन कामं. घोडा सी६: मोहरा बाहेर आणि ई५ ला जोर. उंट सी४: नजर एफ७ वर, कारण सुरुवातीला त्या प्याद्याला फक्त राजाचा जोर असतो. उंट सी५. मग सी३, म्हणजे पुढे डी४ ढकलायची तयारी, शिवाय उंटावर मारा झाला तर बी३ वरून सी२ ला मागे घ्यायला जागा. घोडा एफ६ ने ई४ वर मारा. डी३ ने त्याला जोर. डी६, दोघांचं कॅसलिंग, आणि पुढे खरा डाव सुरू.

ई५ ला जोर देताना सी६ वर घोडा किंवा डी६ वर प्यादं ठीक. एफ६ मात्र नको. घोड्याने ई५ मारला, प्याद्याने घोडा मारला, की वजीर एच५ ला येऊन शह देतो. जी६ ने अडवलं तर वजीर ई५ मारून पुन्हा शह देतो आणि एच८ चा हत्ती घेतो. राजा ई७ ला नेला तर वजिराचा ई५ वर शह, राजा एफ७, उंटाचा सी४ वरून शह, आणि राजा उघड्यावर पळत सुटतो. गंमत अशी की या बचावाला दामियानोचं नाव चिकटलंय, आणि पेद्रो दामियानोने १५१२ च्या आपल्या पुस्तकात तो वाईट म्हणूनच दाखवला होता.

दुसऱ्याच खेळीला वजीर एच५ वर आणणारे प्रतिस्पर्धी हमखास भेटतात. ई४, ई५, वजीर एच५. इथे वजिराला हाकलायला लगेच जी६ खेळलात तर वजीर ई५ चं प्यादं शह देत मारेल आणि पुढच्या खेळीला एच८ चा हत्ती. म्हणून आधी घोडा सी६, ई५ ला जोर. पांढरा उंट सी४ आणतो, आता एफ७ वर मात करण्याची धमकी आहे. इथे घोडा एफ६ खेळून वजिरावर मारा केलात तर वजीर एफ७ वर मात करून मोकळा. आता जी६ योग्य. वजीर एफ३ ला जाऊन पुन्हा एफ७ वर रोखतो, तर घोडा एफ६ ने रेषा बंद. तुमचे दोन घोडे बाहेर आले, त्याचा वजीर दोनदा हलला. खेळ्या त्याच, पण क्रम चुकला की हत्ती नाहीतर डाव जातो.

शेवटीचा खेळ, म्हणजे एंडगेम, कंटाळवाणा म्हणून टाळला जातो. खरं तर मोहरे कमी असताना प्रत्येकाची ताकद स्पष्ट दिसते, त्यामुळे शिकायला हीच जागा सोपी.

दोन हत्तींची मात जिन्यासारखी. एक हत्ती एक ओळ अडवतो, दुसरा पुढच्या ओळीत शह देतो, राजा एक ओळ मागे हटतो, मग पहिला त्याच्या पुढची ओळ घेतो. राजा एखाद्या हत्तीजवळ आला तर शह देण्याची घाई न करता तो हत्ती त्याच ओळीत पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यावा.

एकट्या वजिराची मात दहा खेळ्यांत कुठूनही होते, आणि तरीही सर्वाधिक कोंड्या इथेच घडतात. पद्धत अशी: वजीर विरोधी राजापासून घोड्याच्या चालीच्या अंतरावर ठेवा, शह देऊ नका. राजा ई५, वजीर जी४. राजा डी५ ला गेला तर वजीर एफ४ ला, म्हणजे तीच दिशा, तेवढंच अंतर. राजा आपोआप काठाकडे ढकलला जातो. कोपऱ्यात पोचल्यावर मात्र नक्कल थांबवा. राजा ए८ वर आणि वजीर बी६ किंवा सी७ वर, तुमचा राजा दूर, त्याची पाळी: कोंडी. त्याऐवजी वजीर डी७ वर ठेवा. आता काळा राजा ए८ आणि बी८ एवढ्या दोन घरांत फिरत राहील, त्याला हलायला जागा आहे म्हणून कोंडी नाही. तुमचा राजा निवांत सी६ पर्यंत आणा आणि वजीर बी७ वर: मात, राजा दोन्हींपैकी कुठेही असो.

एका हत्तीची मात जास्तीत जास्त १६ खेळ्यांची. तिथे हत्ती चौकट आखतो आणि राजा ती लहान करायला मदत करतो. दोन राजे एक घर सोडून समोरासमोर आले आणि पाळी तुमची असली, की काठाच्या दिशेने हत्तीचा शह. समोरासमोर आले पण पाळी त्याची असली, की तो बाजूला सरकतो. तेव्हा हत्तीची एक निरुपद्रवी खेळी करून पाळी त्याच्याकडे टाकायची. शेवटचं चित्र: तुमचा राजा ई६, त्याचा ई८, हत्ती ए८ वर.

प्याद्यांच्या शेवटासाठी दोन गोष्टी पुरतात. पहिली, चौकोन. प्यादं एकटं धावत असेल तर त्याच्या घरापासून बढतीच्या घरापर्यंतची लांबी घ्या आणि राजाच्या बाजूला तेवढाच चौकोन कल्पा. पांढरं प्यादं एच४ वर, चौकोन डी४, डी८, एच८, एच४. काळा राजा सी५ वर. पाळी काळ्याची असेल तर तो डी५ वर येऊन चौकोनात शिरतो आणि प्यादं पकडतो. पाळी पांढऱ्याची असेल तर प्यादं एच५ ला जातं, चौकोन लहान होतो आणि राजा बाहेर राहतो. एकेक घर मोजत बसण्यापेक्षा हे लवकर होतं. प्यादं मूळच्या जागी असेल तर त्याची पहिली उडी दोन घरांची म्हणून चौकोन तिसऱ्या ओळीपासून धरा.

दुसरी, समोरासमोर. पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७. पाळी काळ्याची असेल तर त्याला बाजू द्यावी लागते, तो डी७ ला गेला की पांढरा एफ६ मधून पुढे घुसतो आणि जिंकतो. पाळी पांढऱ्याची असेल तर बरोबरी: राजा डी५, राजा डी७, प्यादं ई५, राजा ई७, प्यादं ई६, राजा ई८. शेवटी मागे हटताना काळ्याने प्याद्याच्या नेमक्या समोर, ई८ लाच जायचं. पांढऱ्याने समजून घ्यायचं ते इतकंच की राजा प्याद्याच्या पुढे चालतो, मागे नाही. राजा ई६, प्यादं ई५, काळा राजा ई८ असेल तर पाळी कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. ए आणि एच पट्टीवरची प्यादी याला अपवाद: बचाव करणारा राजा कोपऱ्यात पोचला की बरोबरी.

सरावाचं आता. तीन-पाच मिनिटांच्या डावांत वरचा हिशेब करायला वेळच मिळत नाही, जुन्याच सवयी घट्ट होतात. दर खेळाडूला १५ मिनिटं आणि प्रत्येक खेळीला १० सेकंद जादा, एवढा वेळ किमान ठेवा. प्रतिस्पर्ध्याची खेळी झाली की आधी स्वतःची योजना विसरून बघायचं: त्या मोहऱ्याने आता कुठल्या घरांवर मारा केला, आणि तो हलल्याने मागची कुठली रेषा उघडली? दुसरा भागच जास्त निसटतो. मग आपली खेळी मनात ठरली की हात लावण्यापूर्वी तिच्या उत्तरादाखल त्याच्याकडचे सगळे शह, सगळ्या मारामाऱ्या आणि वजिरावरच्या धमक्या या क्रमाने तपासायच्या. सुरुवातीला यात अर्धा मिनिट जातो, नंतर ते आपोआप होतं. स्पर्धेत हात लावला तो मोहरा हलवावा लागतो. मोहरा फक्त घरात नीट बसवायचा असेल तर स्पर्श करण्याआधी तसं सांगावं, नंतर नाही.

कोडी रोज वीस मिनिटं पुरेत, पण एक-दोन खेळ्यांची, भरपूर आणि सोपी. पाच खेळ्यांची अवघड मात शोधण्यात तास घालवल्याने बिनजोर घोडा दिसायला लागत नाही. कोडं सोडवताना पहिली खेळी सुचली की लगेच खेळू नका, प्रतिस्पर्ध्याचं सर्वांत चिवट उत्तर शोधून मगच खेळा.

प्रत्येक डाव लिहून ठेवा आणि इंजिन, म्हणजे डाव तपासणारा संगणक प्रोग्राम, लावण्याआधी स्वतः तपासा. वहीत फक्त एकच गोष्ट टिपा: पहिला मोहरा किंवा प्यादं कोणत्या खेळीला गेलं, आणि का गेलं. बिनजोर होता, मोजणी चुकली, जखडलेला राखणदार धरला, शेवटची ओळ उघडी होती, की वेळ संपत आली होती. वीस डावांच्या नोंदी झाल्या की एकच कारण पुन्हा पुन्हा येताना दिसेल, आणि पुढच्या महिन्याची कोडी त्याच प्रकारची निवडायची. इंजिन त्यानंतर, आणि तेही फक्त एवढंच विचारायला की तुमचं कारण बरोबर होतं का.